घरट्यासमोरची पानं कुठे गेली?

पुन्हा तोच फोटो! चोची वासून बसलेली पिलं, अळी घेऊन आलेली आई आणि आजूबाजूला एकही पान नाही. कडेला फांदीचं नुकतंच कापलेलं पांढरं टोक दिसतंय. स्वच्छ फ्रेमसाठी पिलांची सावली तोडली! आता ऊनही थेट आणि कावळ्याची नजरही. वर ओळ काय, तर 'निसर्ग वाचवा'. तळपायाची आग मस्तकात जाते.

२००९ च्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेतल्या विजेत्या फोटोतला लांडगा बहुधा माणसाळलेला होता, असं ठरवून २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं. तिथे निदान परीक्षक होते. इथे अशा फोटोंखाली नुसती वाहवा, आणि उद्या आणखी चौघं कात्री घेऊन निघणार. अरे, लांबून काढा ना! आलं पान आडवं, तर येऊ दे.