मूठ चालेल, नळी कशाला?

ड्रिल मशीनला पिस्तुलासारखी मूठ आणि चाप आहे, पण तेवढ्यावरून कुणी तिच्याकडे संशयाने बघत नाही. १९१७ साली ब्लॅक अँड डेकरला या रचनेचं पेटंट मिळालं आणि ती टिकली, कारण तिथे आकार काम करतो. मनगट सरळ राहतं, हाताचा जोर थेट बिटाच्या रेषेत जातो, तर्जनी उचलली की मशीन बंद. ग्लू गन, बारकोड स्कॅनर यांचंही तेच.

माझा आक्षेप आहे पिस्तूल-लायटर, पिस्तुलाच्या आकाराचं मोबाइल कव्हर असल्या वस्तूंवर. इथे नळी काहीच काम करत नाही, फक्त दिसते.

त्यातला लायटर तर सगळ्यांत वाईट. चाप ओढला की आधी गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, मग स्प्रिंगचा हातोडा पिझो स्फटिकावर (आघाताने वीज निर्माण करणाऱ्या स्फटिकावर) आदळून ठिणगी पडते. चाप अर्धवट दाबला तर गॅस सुटतो, ठिणगी नाही. लगेच दुसऱ्यांदा ओढलात तर साठलेल्या गॅसचा भडका. नळी आडवी, पण ज्योत वर वळते, त्यामुळे प्लास्टिकचं तोंड वितळतं. आणि मुलाच्या हाती पडला तर ते खेळण्यातली बंदूक समजून समोरच्याच्या तोंडावर रोखणार! खेळण्यासारखे दिसणारे लायटर युरोपीय संघाने २००६ च्या निर्णयाने बाजारातून हद्दपार केले, ते उगाच नाही.

‘नारिंगी टोक लावा, म्हणजे खोटी बंदूक ओळखू येईल, झालं’ हे काहींचं उत्तर मला पटत नाही. अमेरिकेत खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला किमान ६ मिमी नारिंगी पट्टा चालतो. पण अंधारात रंगाआधी आकृती दिसते, रंग खरवडता येतो, आणि विमानतळावरच्या एक्स-रे यंत्राला रंग कळतच नाही. पडद्यावरचे रंग वस्तू कोणत्या पदार्थाची आहे (प्लास्टिक की धातू) त्यावरून येतात. खोट्या बंदुकांबाबतचे ब्रिटनचे २००७ चे नियम जास्त शहाणे वाटतात: रंगाबरोबर मापही बघतात. ३८ मिमी उंची आणि ७० मिमी लांबीपेक्षा लहान असेल तर ती बंदूक खरी वाटणार नाही, असं धरतात.

मोबाइल कव्हरचं तर विचारूच नका. फोन मागच्या खिशात, मूठ बाहेर. पोलिसाने थांबवलं की माणूस सवयीने फोनकडेच हात नेतो. २०१५ मध्ये अमेरिकी पोलिसांनी याबद्दल जाहीर इशारे दिले होते.

असला लायटर घरात असेलच तर मुठीच्या तळाचा व्हॉल्व्ह उघड्यावर दाबून गॅस पूर्ण सोडा, आसपास ज्योत नको. रिकामा झाला तरी हातसामानात ठेवू नका. प्रतिकृती म्हणून अडवतील.