दोष केवळ वैमानिकांचा नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. आपला आक्षेप असा की, २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाजवळ लष्करी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर प्रवासी विमानाला धडकून ६७ जणांचा जीव गेला, त्याचे खापर मी विनाकारण व्यवस्थेवर फोडले. आपल्या मते, पोटोमॅक नदीवरून जाणाऱ्या हेलिकॉप्टर-मार्गावर कमाल उंचीची जी २०० फुटांची मर्यादा होती, ती हेलिकॉप्टरने पाळली असती आणि वैमानिकांनी नीट पाहिले असते, तर अपघात टळला असता.

हेलिकॉप्टर मर्यादेच्या वर होते, हे निर्विवाद आहे. धडकेच्या वेळी त्याची उंची २७८ फूट नोंदली गेली. मात्र पूर्वेकडच्या नदीकाठावरून ते बरोबर २०० फुटांवर उडत असते, तरी ३३ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणारे विमान आणि ते यांच्यात उभे अंतर जेमतेम ७५ फूट उरू शकले असते, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तपासात दाखवून दिले. त्याच प्रकारच्या हेलिकॉप्टरांच्या चाचण्यांत उंचीमापक खऱ्या उंचीपेक्षा ८० ते १३० फूट कमी दाखवत असल्याचेही आढळले. म्हणजे काट्यावर नजर ठेवून प्रामाणिकपणे नियम पाळणारा वैमानिकसुद्धा नकळत विमानाच्या वाटेत येऊ शकत होता. अशी आखणी मला अक्षम्य वाटते.

नीट पाहण्याबाबत बोलायचे, तर धडकेच्या दिशेने येणारे विमान समोरच्या काचेवर सरकत नाही. ते एकाच जागी ठिपक्यासारखे दिसत राहते आणि अखेरच्या काही क्षणांत एकदम मोठे होते. रात्री, शहराच्या असंख्य दिव्यांत, तो ठिपका कोणत्या विमानाचा हे ओळखणे तर फारच अवघड. हेलिकॉप्टरच्या वैमानिकांनी विमान दिसत असल्याचे नियंत्रकाला कळवले होते. १९७८ मध्ये सॅन डिएगोवरही प्रवासी विमानाच्या वैमानिकांना आधी दिसलेले छोटे विमान पुढे नजरेआड झाले आणि १४४ माणसे गेली. वॉशिंग्टनला तर दोन्ही यानांच्या रेडिओ वारंवारता वेगळ्या असल्याने त्यांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नव्हते, आणि विमानाच्या मागून जाण्याची सूचना हेलिकॉप्टरपर्यंत बहुधा पूर्ण पोहोचलीच नाही. विमानातील टक्कररोधक यंत्रणेने सावध केले खरे, परंतु जमिनीच्या इतक्या जवळ ती 'वर जा' किंवा 'खाली जा' असा आदेश देत नाही, कारण तो आदेशच घातक ठरू शकतो.

ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात याच विमानतळाजवळ विमान आणि हेलिकॉप्टर यांच्यातील आडवे अंतर १,५०० फुटांपेक्षा आणि उभे अंतर २०० फुटांपेक्षा कमी झाल्याच्या ८५ घटना नोंदीत होत्या. एवढ्या सगळ्या घटनांना त्या एका रात्रीचे वैमानिक कसे जबाबदार ठरतील?

हा हेलिकॉप्टर-मार्ग बंद केल्याने रुग्णसेवेची हेलिकॉप्टरे अडतील, ही आपली काळजी रास्त आहे. म्हणूनच त्या मार्गाचा विमानतळालगतचा भाग बंद करताना तातडीच्या उड्डाणांना सूट दिली गेली. इतर हेलिकॉप्टरांना विमान उतरेपर्यंत ठरावीक जागी थांबवून धरावे, असे माझे म्हणणे आहे. त्यात काही मिनिटे जातील, आणि ती देणे मला योग्यच वाटते.