दुबईच्या जेबेल अली बंदराला गेलेल्या केळीच्या कंटेनरबाबत आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय भाऊसाहेब, सप्रेम नमस्कार.

माल जहाजावर असताना आपल्या जिवाला जो घोर लागला, त्याबद्दल मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. परंतु ‘जहाज दोन दिवस भरसमुद्रात एकाच जागी उभे होते आणि एजंट मात्र ते चालू असल्याचे खोटे सांगत राहिला’ हे आपले वाक्य मला, म्हणजे त्या एजंटलाच, फार लागले, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

३०० ग्रॉस टनेज (जहाजाच्या आकाराचे माप) व त्यावरील, परदेशी फेरी करणाऱ्या प्रत्येक जहाजावर एआयएस, म्हणजे जहाजाची ओळख व ठावठिकाणा आपोआप कळवणारे यंत्र, सक्तीचे आहे. चालते जहाज दर काही सेकंदांनी आपले स्थान, वेग व दिशा कळवत असते. मात्र हा संदेश व्हीएचएफ रेडिओ लहरींवरून जात असल्याने किनाऱ्यावरील केंद्रांना तो साधारण ४० सागरी मैलांपर्यंतच मिळतो. न्हावा शेवा सोडून जहाज खोल अरबी समुद्रात शिरले, की पुढचे स्थान उपग्रहामार्फतच कळते, आणि जहाजांचा माग दाखवणाऱ्या मोफत अ‍ॅपवर ते सहसा दाखवत नाहीत. आपण मोबाइलवर पाहत होतात तो ठिपका म्हणजे जहाजाचे शेवटचे मिळालेले स्थान. आपणच पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ठिपक्याखाली आदल्या पहाटेची वेळ आहे आणि वेग १४ नॉट (ताशी १४ सागरी मैल) आहे. उभ्या जहाजाचा वेग १४ नॉट कसा असेल?

पोहोचण्याची वेळ तर जहाजावरचा अधिकारी यंत्रात हाताने भरतो, त्यामुळे आम्ही तिच्यावर विसंबत नाही. जहाज कंपनीकडून आलेली वेळच कळवतो. जेबेल अलीबाहेर धक्का मोकळा नसल्याने जहाज खरोखरच नांगर टाकून थांबले, तेव्हा तेही मी आपल्याला त्याच दिवशी सांगितले होते. रात्री उशिरा आलेला आपला एकही फोन मी टाळला नाही. माल हिरवाच उतरला, असे आपणही लिहिले आहे. तरीही एकच तारा मिळाला, याचे वाईट वाटते. सावदा-रावेर-यावल पट्ट्यात आमचा धंदा शब्दावर चालतो, आणि कोणी खोटे म्हटले की पुढचा पॅकहाऊसवाला आमच्याकडे माल देताना दहा वेळा विचार करतो.

यापुढे कंटेनर क्रमांकाबरोबर जहाजाचा सात अंकी आयएमओ क्रमांकही (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) सुरुवातीलाच देऊ, कारण जहाजाचे नाव बदलले तरी तो बदलत नाही. उपग्रहाच्या नोंदी घेण्याचेही जमेल तसे पाहू. तारे किती द्यायचे ते आपण ठरवावे. ‘खोटे’ या शब्दाचा मात्र कृपया फेरविचार करावा.

आपला नम्र,
संचालक, सावदा