मंकीजना वाजवता येत नव्हतं?

मंकीज या अमेरिकन बँडविषयी एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो : टीव्हीवाल्यांनी चार नट उभे केले, एकालाही वाद्य धरता येत नव्हतं, सगळं दुसऱ्यांनी वाजवलं आणि लोकांना फसवलं.

बँड टीव्हीसाठी जमवला, हे खरंच आहे. १९६५ मध्ये जाहिरात देऊन चौघं निवडले आणि सप्टेंबर १९६६ पासून एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर मालिका सुरू झाली. पण निवडलेले कोण होते? पीटर टॉर्क न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमध्ये बँजो-गिटार वाजवत फिरणारा. मंकीजच्या ‘डेड्रीम बिलीव्हर’ या गाण्याच्या सुरुवातीचा तो पियानो कान देऊन ऐका, तो त्याचाच आहे. मायकेल नेस्मिथ गाणी रचत होता. त्याचं ‘डिफरंट ड्रम’ लिंडा रॉन्स्टॅटच्या आवाजात गाजलं. मिकी डोलेन्झ आणि डेव्ही जोन्स अभिनयातून आलेले. डोलेन्झ ड्रम शिकला तो मालिकेसाठीच, पण शिकला, आणि डिसेंबर १९६६ पासून हे चौघं भर कार्यक्रमात स्वतः वाजवू लागले.

आता फसवणूक. पहिल्या दोन अल्बमवर बहुतेक वादन स्टुडिओतल्या व्यावसायिक वादकांचं आहे. तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये हे सर्रास चालायचं. बर्ड्स या तेव्हाच्या अमेरिकन बँडच्या पहिल्या गाजलेल्या गाण्यातही बँडपैकी एकट्या रॉजर मॅग्विनने वाद्य वाजवलंय. त्यांना कुणी खोटं म्हणत नाही. तरी ऐकणाऱ्यांना अंधारात ठेवलं हा राग रास्त आहे. तो डॉन कर्शनरवर काढा, कारण संगीताची सूत्रं त्याच्या हातात होती. दुसरा अल्बम तर या चौघांना न विचारताच बाजारात आला. रेकॉर्डवर आम्ही वाजवत नाही, हे १९६७ च्या जानेवारीत पत्रकाराला सांगितलं कुणी? खुद्द नेस्मिथने. त्याच सुमारास हॉटेलातल्या बैठकीत त्याने ठोसा मारून भिंतीला भोक पाडलं. थोड्याच दिवसांत कर्शनरला जावं लागलं.

मग आला तिसरा अल्बम, ‘हेडक्वार्टर्स’. निर्माता चिप डग्लसने बऱ्याच गाण्यांत बेस सांभाळला, एखाद्या गाण्यात बाहेरचा चेलो आहे. बाकी जवळजवळ सगळं या चौघांचं. डोलेन्झचा ठेका मधूनच डगमगतो, आणि मला तो फार आवडतो.

चाहतेही एक थाप पसरवतात : १९६७ मध्ये मंकीजच्या रेकॉर्ड बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स यांच्या एकत्रित विक्रीपेक्षा जास्त खपल्या. नेस्मिथनेच ती एका पत्रकाराला मुद्दाम मारली होती. तिची गरजही नाही. ‘हेडक्वार्टर्स’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, आणि बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ अल्बमने खाली ढकलल्यावरही अकरा आठवडे दुसऱ्या क्रमांकावरून हलला नाही.