क्रिएटिनला स्टेरॉईड म्हणणं थांबवा

‘क्रिएटिन म्हणजे स्टेरॉईडच. अंगात नुसतं पाणी भरतं, केस गळतात आणि शेवटी किडनी जाते.’ जिमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर हा मेसेज सतत फिरतो. क्रिएटिन म्हणजे जिमला जाणारे ताकदीसाठी घेतात ती पावडर. मेसेज वाचून घाबरलेले आईवडील मुलांचा या पावडरचा डबा फेकून देतात, म्हणून हे लिहितोय.

स्टेरॉईड हा आरोप निखालस खोटा आहे. खेळाडूंवर बंदी असलेली स्टेरॉईडं टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या जातीची असतात. क्रिएटिन तीन अमिनो आम्लांपासून आपलंच शरीर बनवतं, शिवाय मांस-मासळीतूनही ते मिळतं. १८३२ साली शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते मांसातूनच वेगळं काढलं. खेळांतल्या उत्तेजकांवर नजर ठेवणाऱ्या ‘वाडा’ या जागतिक संस्थेच्या बंदीच्या यादीत ते नाही.

पाण्याचं म्हणणं अर्धं खरं. सुरुवातीला वजन किलोभर वाढू शकतं, पण ते पाणी मुख्यतः स्नायूंच्या पेशींत जातं. आणि ‘नुसतं’ पाणी तर नाहीच. जोर लावताना स्नायूतलं एटीपी, म्हणजे पेशींचं इंधन, काही सेकंदांत खर्च होतं. स्नायूत साठवलेल्या क्रिएटिनचं रूप म्हणजे फॉस्फोक्रिएटिन. ते आपला फॉस्फेट देऊन एटीपी पुन्हा उभं करतं. साठा जास्त असला की जड वजन उचलताना एखाददुसरी उचल जास्त निघते, लागोपाठच्या स्प्रिंटमध्ये दम टिकतो. मॅरेथॉनवाल्यांना मात्र फारसा उपयोग नाही. शाकाहारी लोकांच्या स्नायूंत हा साठा मुळात कमी असतो, त्यामुळे त्यांना फरक बहुधा जास्त जाणवतो.

केसांची भीती आली ती २००९च्या दक्षिण आफ्रिकेतल्या रग्बी खेळाडूंवरच्या एका छोट्या अभ्यासातून. त्यात टक्कल पडण्याशी जोडलं जाणारं डीएचटी हे हार्मोन वाढलेलं दिसलं. केस कुणाचे गळले का, हे त्यात तपासलंच नव्हतं.

आता किडनी. क्रिएटिन वापरलं गेलं की त्याचं क्रिएटिनिन होतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. किडनी मंदावली की रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं, म्हणून डॉक्टर ते मोजतात. पण पावडर घेणाऱ्याचं क्रिएटिनिन किडनी ठणठणीत असतानाही थोडं वाढू शकतं. रिपोर्टमधला तो आकडा पाहून घरात रडारड होते, हे मला फार लागतं. निरोगी माणसांत दिवसाला ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिनने किडनीला इजा झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. रक्त तपासायला देताना डॉक्टरांना क्रिएटिन घेत असल्याचं आवर्जून सांगा. शंका उरलीच तर किडनीचं काम पाहणारी सिस्टॅटिन-सी ही रक्ताची दुसरी तपासणी करता येते. तिच्यावर क्रिएटिनचा असा परिणाम होत नाही. ज्यांना किडनीचा आजार आधीपासून आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नये.