गिऱ्हा आणि केल्पी

आमच्या घरच्या ग्रुपवर आठ दिवस गिऱ्ह्यावरून, म्हणजे कोकणातल्या पाण्यातल्या भुतावरून, जुंपली आहे. आईने मालवणच्या घरी माझ्या पुतण्याला खाडीतल्या गिऱ्ह्याची गोष्ट सांगितली आणि पोरगा रात्री एकटा मोरीत जाईना. दादा खवळला: "२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा होण्यासाठी आपण मोर्चे काढले, आणि घरातच हे?" वहिनी म्हणते, मग पोराने नुसती कार्टूनंच बघायची का? आईने फक्त अंगठा पाठवला.

मी राहतो स्कॉटलंडात, फॉल्कर्कजवळ. गिऱ्ह्याच्या भावकीतल्याची इथे चक्क शिल्पं आहेत. अँडी स्कॉटने घडवलेली घोड्यांची दोन पोलादी डोकी, प्रत्येकी ३० मीटर उंच, तीही २०१३ सालीच उभी राहिली. केल्पी म्हणजे घोड्याच्या रूपातलं पाण्यातलं भूत. पाण्याच्या काठी गरीब चेहऱ्याने उभा असतो. पोरं पाठीवर बसली की कातडीला चिकटतात आणि तो त्यांना घेऊन तळाशी जातो. एका गोष्टीतला मुलगा स्वतःचं बोट कापून सुटतो. हे मी लेकीला तिथेच, चिप्स खाताना सांगितलं. तिने पोलादाला हात लावला आणि झटकन काढून बोटं मोजली. शेजारीच कालवा वाहतो. परतताना ती त्याच्या कडेने गेली नाही.

ऑर्कनी बेटांवरचा नकलावी याहून भयंकर. घोडा आणि माणूस एकाच धडाचे, अंगावर कातडी नाही, काळं रक्त वाहताना दिसतं. समुद्री शेवाळ जाळल्याचा वास आला की तो पिसाळतो आणि गुरांवर रोग सोडतो. अठराव्या शतकात त्या बेटांवर काच-साबणाच्या धंद्यासाठी शेवाळ जाळायच्या भट्ट्या खरोखरच पेटल्या होत्या. मला तर ही धुराबद्दलची गावकऱ्यांची तक्रारच वाटते, भुताच्या नावाने केलेली.

इथवर माझं मत आईच्या बाजूने. पण उत्तरेला डॉरनॉक गावात एक दगड आहे. जेनेट हॉर्न या म्हातारीला तिथे चेटकीण ठरवून जाळलं. साल १७२७ सांगतात, दगडावर मात्र १७२२ कोरलंय. आरोप काय, तर तिने पोटच्या मुलीचं तट्टू करून सैतानाकडून तिला नाल ठोकून घेतले. मुलीचे हातपाय वाकडे होते, एवढंच. अशा खटल्यांबद्दल स्कॉटलंड सरकारतर्फे तेव्हाच्या सरकारप्रमुख निकोला स्टर्जन यांनी माफी मागितली ती ८ मार्च २०२२ ला.

दादाला मी हेच लिहिलं: घोडा तळ्यात आहे तोवर सांगू दे. तो शेजारच्या म्हातारीच्या दारात बांधला की मात्र आपला कायदा काढ. अमक्याने करणी केली म्हणून कुणाला छळणं हा त्यात गुन्हा आहे, गोष्ट सांगणं नाही. दादाचं उत्तर अजून नाही.

रविवारी व्हिडिओ कॉलवर आईने लेकीला विचारलं, "तुमचो तो घोडो माणूस झालो तर वळखूचो कसो?"

"केसांत शेवाळ असतं, आजी."

पुतण्या मागे उभा राहून ऐकत होता.