गावचं हायस्कूल मर्ज होतंय? टेन्शन नका घेऊ, फक्त सांगतो तसं करा

सगळ्यात आधी, मोर्चा, उपोषण, शाळेला टाळं असलं काही करू नका. टाळं तर अजिबात नको, ते पुढं शाळा बंद करणाऱ्यांना आयतंच कामाला येतं. तुमच्या हायस्कूलचा पट आठवी ते दहावी मिळून 38 वर आलाय आणि आसपासच्या पाच-सहा गावांची मिळून 11 किलोमीटरवरच्या, रस्त्यालगतच्या मोठ्या गावात एकच शाळा करायचं घाटतंय ना? मग सुजाण पालक म्हणून आपलं काम टाळ्या वाजवायचं.

पहिली गोष्ट, पट कमी का झाला हे चारचौघांत विचारू नका. विचारलंत की लगेच सकाळी सातची ती पिवळी व्हॅन आठवते, तालुक्याच्या इंग्लिश मिडीयमची, तिच्यात सरपंचाचा नातू असतो, सोसायटीच्या चेअरमनची दोन पोरं असतात आणि आपल्याच हायस्कूलच्या सरांची मुलगी पण खिडकीपाशी बसलेली असते. त्याच दिवशी दुपारी ग्रामसभेत 'शाळा वाचलीच पाहिजे' असा ठराव एकमतानं पास होतो, सूचक चेअरमन, अनुमोदक सरपंच. हे असंच चालू ठेवा. शाळा बंद पाडायला दरवेळी सरकारच लागतं असं काही नाही, गावानं मनावर घेतलं तर काय होत नाही.

दुसरं, आकड्यांवर विश्वास ठेवा. 2017 साली 10 पेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा मर्ज करायची यादी निघाली, केवढा गोंधळ झाला. 2023 ला समूह शाळांचं (म्हणजे छोट्या शाळा मिळून एक मोठी) पत्र निघालं तेव्हा रेषा 20 वर आली, पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांचं उदाहरण देऊन. तुम्ही म्हणाल ते जिल्हा परिषदेच्या शाळांचं, आमचं तर संस्थेचं अनुदानित हायस्कूल. हो की, पण मग 15 मार्च 2024 चा संच मान्यतेचा, म्हणजे किती पटाला किती शिक्षक मंजूर ते ठरवणारा, जीआर वाचा (वाचणार नाही माहितेय, मीच सांगतो), सहावी ते आठवीला 20 पेक्षा कमी पोरं असली तर मंजूर शिक्षक शून्य. बघा, शाळा कुणी बंद केली असं म्हणताच येत नाही. इमारत आहे, घंटा आहे, पोरं आहेत, फक्त मास्तर नाहीत. एवढा सभ्यपणा कुठल्या खात्यात बघायला मिळतो सांगा.

कायद्याचं म्हणाल तर तो आपल्याच बाजूनं आहे, आठवीपर्यंत. आरटीईनं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं, पहिली ते पाचवी 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवी 3 किलोमीटरच्या आत शाळा द्यायला सांगितलीय, वय 6 ते 14. पंधरावं लागलं की पोरगं कायद्याच्या दृष्टीनं मोठं झालं, आता ते 11 किलोमीटर जाऊ शकतं. नववी-दहावीच्या पोरीला घर ते शाळा किती अंतर पडतं हे कागदावर मोजायला सांगू नका, उगाच फाईल जाड होते.

आता जाण्यायेण्याचं. ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे, एसटी आहे की. मुलींना पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे, मानव विकास योजनेची मुलींसाठीची गाडी पण आहे (तुमचा तालुका त्या योजनेच्या 125 मागास तालुक्यांत बसत असेल तर). फक्त एकदा पावसाळ्यात संध्याकाळी त्या मोठ्या गावच्या फाट्यावर उभं राहून बघा. शाळा पाचला सुटते, गाडी पावणेसहाची, ती सव्वासहाला येते आणि अगोदरच भरलेली असते म्हणून ड्रायव्हर थांब्याच्या पन्नास पावलं पुढं नेऊन थांबवतो, पोरी दप्तर पोटाशी धरून चिखलातनं पळतात, पहिल्या सात-आठ चढतात, मग डबल बेल. राहिलेल्या तिघी-चौघी मागच्या वडापची वाट बघतात, वडापवाला पास चालत नाही म्हणतो, वीस रुपये मागतो, आणि पानटपरीवर बसलेली पोरं हे सगळं रोज बघत असतात. एवढं बघून घरी गेल्यावर आई काही बोलत नाही, दोन-चार दिवसांनी एवढंच म्हणते, आता घरीच बस, बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरू. पोराला मात्र त्याच महिन्यात बापाची जुनी स्प्लेंडर मिळते, लायसन नाही तो भाग वेगळा.

आणि घरी बसलेल्या पोरीचं एक चांगलं असतं, स्थळं लवकर येतात.

सायकलीचं विसरलोच! मानव विकासमधून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल मिळते, पण शाळेपासून 5 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना. म्हणजे गावातलं हायस्कूल गावात असेपर्यंत तुम्ही सायकलीला पात्र आणि ते 11 किलोमीटरवर गेलं की अपात्र. शिवाय आपल्याकडं घाट आहे, एका बाजूनं सायकल पोरीला नेते आणि दुसऱ्या बाजूनं पोरगी सायकलीला. 2021 च्या दिवाळीत एसटीचा संप झाला तो पार एप्रिलपर्यंत चालला, त्या वर्षी दहावीला असलेल्या पोरांना विचारा अंतर म्हणजे काय. नको, विचारू नका, ती पुण्याला कंपनीत आहेत, शिफ्ट चालू असेल.

बरं, आता एक गोष्ट मी खरंच गंभीरपणे म्हणतोय. 38 पोरांचं हायस्कूल म्हणजे काय सोन्याची खाण नाही. गणिताचे सर रिटायर झाले त्यांच्या जागी कुणी आलं नाही, चित्रकलेचे सर त्रिकोणमिती शिकवतात, त्यांना आकृती फार सुंदर काढता येते पण पुढं काय करायचं ते येत नाही. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, किल्ली शिपायाकडं, आणि शिपायाचं कायम पद गेलं, त्याऐवजी आता शाळेला भत्ता आला. मोठ्या शाळेत खरंच लॅब असते, विषयाला विषयाचा शिक्षक असतो, कबड्डीला दोन टीम होतात. हे नाकारणारा माणूस पोरांचं नाही, गावच्या इज्जतीचं बघतोय. त्यामुळं शाळा मोठ्या करा म्हणणारे सगळेच काही चोर नाहीत.

फक्त त्यांना एक आगाऊ प्रश्न कधी विचारू नका, की एवढी पोरं रोज फिरवण्यापेक्षा गणिताचे एक सर फिरवले तर? 2020 च्या शैक्षणिक धोरणात शाळा संकुल म्हणून जे लिहिलंय ते साधारण हेच आहे, एक माध्यमिक शाळा आणि तिच्या 5 ते 10 किलोमीटरच्या पट्ट्यातल्या बाकीच्या शाळा, शिक्षक, लॅब, लायब्ररी वाटून घ्यायची. कोठारी आयोगानं पण साठच्या दशकात असंच काहीतरी सुचवलं होतं. पण मास्तर फिरवायचे म्हणजे मास्तरांना त्रास, टीए-डीए, आणि त्यांची संघटना आहे. पोरांची संघटना कुठाय? म्हणून पोरं फिरवायची.

कुणी म्हातारा उठून कर्मवीर भाऊरावांचं नाव काढेल, त्याला चहा पाजून गप्प बसवा. त्यांनी 1919 ला काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, लांबच्या पोरांची अडचण होती म्हणून 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून पोरं जेवू घातली. त्या काळात लोकांकडं वेळ होता. आता आधी शाळा मर्ज होते, मग बसचा प्रस्ताव जातो, मग वसतिगृहाचा, मग आचारसंहिता लागते. आधी वसतिगृह आणि बस, मग मर्ज, असा उलटा क्रम मागणाऱ्याला विकासविरोधी म्हणायला विसरू नका.

इमारतीची काळजी नको. तुमच्या आज्यानं जमीन दिली आणि बाकीच्यांनी दगड वाहिले म्हणून ती तुमची होत नाही, सातबारावर संस्थेचं नाव आहे. लग्नाला हॉल म्हणून भाड्यानं मिळेल कदाचित.

आता राहिला पोराचा शाळा सोडल्याचा दाखला, तो गर्दी व्हायच्या आत काढून घ्या. सोबत आधार आणि दोन फोटो न्या. क्लार्क एक कोरा अर्ज पुढं करेल, त्यावर सही करा, नीट वाचत बसू नका, मागं लाईन असते. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो, तो त्यांनी आधीच भरून ठेवलेला असेल: पालकाच्या विनंतीवरून.